पाणथळ जागेतला निसर्गनिवास: बांधण्याआधी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाणथळीजवळ निसर्गनिवास बांधू पाहणारे मालक, त्याचा आराखडा काढणारे वास्तुरचनाकार आणि तिथं राहायला जाणारे पाहुणे, या तिघांकडून येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही. जिथं एकदा चुकलं की दुरुस्ती होत नाही, तिथं जास्त लिहिलं आहे.

आमच्या जागेत वर्षातले बरेच महिने पाणीच नसतं. तरी तिला पाणथळ म्हणायचं का?

बहुधा हो. इराणमधल्या रामसर इथं २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या करारात पाणथळीची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. नैसर्गिक किंवा मानवनिर्मित, कायमची किंवा हंगामी, साचलेलं पाणी असो की वाहतं, गोडं, मचूळ किंवा खारं, सगळं त्यात बसतं. समुद्राचा ओहोटीला ६ मीटरपर्यंत खोल असलेला भागही त्यात येतो.

हंगामी पाणथळीचा कोरडा काळ हा तिचा दोष नव्हे. डबकं दरवर्षी आटतं म्हणून त्यात मोठे मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून बेडकांची अंडी नि पिल्लं वाचतात. ‘पाहुण्यांना बारमाही पाणी दिसलं पाहिजे’ म्हणून बांध घालून ते अडवलं, की तळं देखणं होतं आणि बेडूक जातात. असली सुशोभीकरणं पाहून वाईट वाटतं, कारण खर्च करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो.

इतकी नाजूक जागा आहे, तर तिथं बांधूच नये असं नाही का?

पाणथळीत नाही, काठावर बांधा. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर एवढंच आहे.

आराखडा घेऊन बसा आणि प्रत्येक खोलीपुढे एकच प्रश्न लिहा: हिला पाण्यात उभं राहायची गरज आहे का? स्वयंपाकघराला नाही. धोबीघाट, कोठार, कर्मचाऱ्यांच्या खोल्या, जनरेटर, वाहनतळ, सांडपाण्याची व्यवस्था, यांतल्या कशालाच नाही. हे सगळं उंच, टणक जमिनीवर जावं. झोपायच्या खोलीलाही खरं तर नाही. पाणी शंभर मीटरवरूनही दिसतं, आणि पक्ष्यांच्या दृष्टीनं ते अंतर मोलाचं असतं. पाण्यापर्यंत न्यायच्या गोष्टी उरतात दोन: एक अरुंद लाकडी पायवाट आणि तिच्या टोकाला पक्षी पाहण्याचं लपण.

अनेक देशांत कायदाही हेच सांगतो. भारतातल्या २०१७ च्या पाणथळविषयक नियमांनुसार, अधिसूचित पाणथळीत मागच्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत, बोटीचा धक्का सोडला तर पक्कं बांधकाम करता येत नाही. मात्र कायद्यातलं अंतर म्हणजे ‘याहून कमी नाही’ एवढंच. तेच योग्य अंतर समजून नेमकं ५१ व्या मीटरवर जोतं घालणारे खूप आहेत.

जागेची पाहणी किती दिवस करावी?

किमान एक पूर्ण वर्ष. पाणी कधी येतं, कुठून येतं, किती दिवस थांबतं आणि कुठल्या वाटेनं उतरतं, हे कुठल्याही नकाशावर पूर्ण मिळत नाही.

बोत्स्वानातला ओकावांगो त्रिभुज प्रदेश याचं चांगलं उदाहरण आहे. तिथला पूर स्थानिक पावसाळ्यात येतच नाही. वायव्येकडच्या अंगोलाच्या डोंगराळ भागात पडलेला पाऊस काही महिने वाहत येतो आणि जून ते ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे ऐन कोरड्या हंगामात, पाणी सगळ्यात वर असतं. पावसाळ्यात जाऊन ‘इथवर पाणी येतं’ अशी खूण करणारा माणूस तिथं सपशेल फसेल. कंबोडियातल्या तोन्ले साप सरोवराचं क्षेत्र पावसाळ्यात कोरड्या काळाच्या कितीतरी पट होतं; काठावरची घरं उंच खांबांवर आहेत ती हौसेनं नव्हेत.

म्हणून मोजपट्टी रोवा आणि आठवड्याला एक नोंद ठेवा. झाडांच्या खोडांवर सुकलेल्या गाळाची रेघ असते ती पाहा. तारेला अडकलेला कचरा किती उंचीवर आहे तेही पाहा. आणि तिथं मासेमारी करणाऱ्या किंवा गुरं चारणाऱ्या जुन्या माणसांना विचारा. सरासरी पूर त्यांना सांगता येणार नाही, पण सगळ्यात मोठा पूर कुठल्या झाडाला लागला होता हे नक्की सांगतील.

थोडा भराव टाकून जमीन उंच केली तर सोपं नाही का?

सोपं आहे, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच झालं आहे.

पहिली गोष्ट वाहत्या पाण्याची. पाणथळीतलं बरंचसं पाणी ओढ्यातून नाही, तर सगळ्या पृष्ठभागावरून पातळ थर होऊन, दिसेल न दिसेल इतकं सावकाश सरकतं. त्याला गुडघाभर उंचीचा रस्ताही धरणासारखा अडतो. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समधून जाणारा टमायामी ट्रेल हा रस्ता १९२८ मध्ये पुरा झाला. त्याच्या भरावानं दक्षिणेकडचं पाणी रोखलं, आणि तिकडची पाणथळ पुढची कित्येक दशकं तहानलेली राहिली. अखेर तोच रस्ता तोडून त्याखालून पाणी जाऊ द्यावं लागलं. २०१३ मध्ये त्यावर सुमारे दीड किलोमीटरचा पहिला पूल झाला, मग आणखी पूल. निसर्गनिवासाचा रस्ता लहान असतो, पण दोष तोच. भरावात एक-दोन पाइप घातल्यानं काम भागत नाही. पाइपाच्या तोंडाशी पाणी जोरात धावून खड्डा पाडतं आणि बाकीचा भाग कोरडाच राहतो.

दुसरी गोष्ट मातीची. पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा साठलेला काळा थर, हा पाण्यात बुडालेला आहे तोवरच सुरक्षित असतो. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भाग पीटचा आहे, पण त्यात जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन आहे. पाणी काढलं की हवा आत शिरते, पीट कुजतो, कार्बन हवेत जातो आणि जमीन खचते. इंग्लंडमध्ये होम फेन इथं १८५१ मध्ये एक लोखंडी खांब पीटमधून जमिनीच्या पातळीपर्यंत ठोकला होता. शेजारचं तळं उपसल्यानंतर जमीन खचत गेली आणि आज त्या खांबाचा सुमारे ४ मीटर भाग उघडा आहे. अशा जमिनीवर भराव आणि काँक्रीटचं जोतं टाकणाऱ्यानं भेगा बुजवण्याचा खर्च कायमचा धरून चालावं.

तिसरी गोष्ट किनाऱ्याजवळची. खारफुटीखालच्या चिखलात अनेक ठिकाणी लोह-गंधकाची खनिजं असतात. चिखलात ती निरुपद्रवी. तोच चिखल उपसून वर टाकला, की हवेशी संयोग होऊन त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि पहिल्या पावसात ते खाडीत उतरतं. त्यानं मासे मरतात, काँक्रीट नि लोखंडही खाल्लं जातं. काढलेला गाळ ‘तिथंच बाजूला’ टाकायच्या आधी त्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या.

मग पाया कसा घालायचा?

खांबांवर. त्यातही शक्य तिथं स्क्रू पाइल, म्हणजे टोकाला मळसूत्री पातं असलेला पोलादी खांब. तो फिरवत फिरवत चिखलात उतरवतात. खोदकाम नाही, माती वर येत नाही, ओलं काँक्रीट नाही, ठोकण्याचा दणकाही नाही. कल्पना नवी नाही. आयर्लंडमधले अंध अभियंते अलेक्झांडर मिचेल यांनी १८३३ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि वाळू-चिखलात दीपगृहं उभी करायला ती वापरली गेली. लहान यंत्रानं किंवा तराफ्यावरूनही काम होतं. खालचा टणक थर फार खोल असेल तर मात्र हिशेब बदलतो. तिथं भूतंत्रज्ञाचा सल्ला लागतोच.

काँक्रीट घालावंच लागलं तर खांब बाहेर ओतून आणा. ओल्या सिमेंटचं धुवण अतिशय अल्कधर्मी असतं. मिक्सरची एक बादली डबक्यात रिकामी केली तरी त्यातले बेडूकमासे मरू शकतात.

लाकडी खांब पाण्यात कुजत नाहीत का?

पाण्याखाली सहसा नाही, पाण्याच्या रेषेवर मात्र हमखास. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. पूर्ण बुडालेल्या भागाला हवा मिळत नाही, म्हणून आल्प्सभोवतीच्या तळ्यांत हजारो वर्षांपूर्वीच्या खांबांवरच्या घरांचे अवशेष अजून आहेत. अशा १११ स्थळांचा २०११ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. काही वर्षं उभा असलेला खांब चाकूनं टोचून पाहा. चार हात वर तो कडक लागतो, पाण्याखाली कडक लागतो, आणि मधल्या वीतभर पट्ट्यात, जिथं पाणी रोज चढतं-उतरतं, तिथं पातं लोण्यात गेल्यासारखं आत जातं. पाहणी करायची ती याच पट्ट्याची. म्हणूनच खालचा भाग वेगळ्या साहित्याचा आणि वरचा लाकडी भाग बदलता येईल असा जोडलेला, ही रचना जास्त टिकते. खाऱ्या पाण्यात याखेरीज लाकूड पोखरणारे शिंपले असतात; तिथं बुडालेलं लाकूडही सुरक्षित नाही.

‘ट्रीटमेंट’ केलेलं लाकूड घेताना कशाची ट्रीटमेंट ते विचारा. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण मारलेल्या लाकडातून हे सगळं हळूहळू पाण्यात झिरपतं. त्या मिश्रणाच्या वापरावर अनेक देशांत कडक मर्यादा आहेत. क्रिओसोट, म्हणजे डांबरापासूनचं तेल, तर पाण्याजवळ नकोच.

लाकडी पायवाट किती उंच आणि किती रुंद असावी?

रुंदी जेवढी, निदान तेवढी उंची, हा चांगला ठोकताळा आहे. वाट बुटकी आणि रुंद असली की तिच्याखाली ऊन पोचत नाही, लव्हाळी मरते आणि वाटेखाली उघड्या चिखलाचा पट्टा पडतो. फळ्यांऐवजी जाळी वापरली तर उजेड चांगला खाली जातो. फळ्याच असतील तर चालण्याच्या दिशेला आडव्या ठोका आणि फट १० ते १२ मिमी ठेवा. त्याहून मोठी झाली की चाकाच्या खुर्चीची पुढची लहान चाकं अडकतात.

वाट सरळसोट पाण्याकडे नेऊ नका. आकाशाच्या पार्श्वभूमीवर चालणारी माणसं पक्ष्यांना फार लांबून दिसतात. वळणं घ्या, शेवटच्या टप्प्यात बोरूचे किंवा चटईचे आडोसे लावा, आणि फळ्यांखाली रबराच्या पट्ट्या द्या म्हणजे पावलांचा ढबढब आवाज येणार नाही.

तरंगत्या खोल्या हा चांगला पर्याय आहे का?

फोटोत नेहमी, प्रत्यक्षात कधीकधी. दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका सरोवरातले उरो लोक तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या तरंगत्या बेटांवर राहतात, पण खालचा थर कुजत जातो म्हणून त्यांना वर सतत नवा थर घालावा लागतो. तरंगत्या वस्तूची देखभाल संपत नाही, हा त्यातला व्यवहारी धडा.

मोठा तरंगता तळ पाण्यावर दाट सावली धरतो. खालच्या वनस्पती मरतात, प्राणवायू कमी होतो. उघड्या थर्माकोलचे तरंगते ठोकळे झिजून त्याचे मणी सगळ्या पाणथळीभर पसरतात आणि ते वेचणं अशक्य असतं. शिवाय मैला वाहून काठावर आणायचा कसा, हा प्रश्न आधी सुटायला हवा.

एरवी जमिनीवर टेकलेलं आणि पुरात उभ्या मार्गदर्शक खांबांवरून वर उचललं जाणारं ‘उभयचर’ घर हा मधला मार्ग आहे. नेदरलँड्समध्ये मासबोमेल इथं अशी घरं मास नदीकाठी आहेत. पण ती मुळात पूर सहन करण्यासाठी आहेत, पाणथळीचं भलं करण्यासाठी नव्हेत.

बांबू, बोरू, गवत वापरलं म्हणजे बांधकाम शाश्वत झालं ना?

कुठून आणि कधी कापलं, यावर ते ठरतं. विणीच्या हंगामात बोरूचं बन सफाचट केलं तर ते छप्पर कितीही नैसर्गिक असलं तरी घरट्यांच्या किमतीत मिळालेलं असतं. आळीपाळीनं, एका वर्षी एकच पट्टा, आणि पिल्लं उडून गेल्यावर कापला तर बोरूचं बन उलट तजेलदार राहतं.

या साहित्याची ताकद मात्र कमी लेखू नका. दक्षिण इराकच्या दलदलीत नुसत्या बोरूच्या जाड जुड्या वाकवून ‘मुधीफ’ नावाचे कमानदार दिवाणखाने उभारतात. तसेच आकार सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या सुमेरियन शिल्पांत कोरलेले आहेत. अलीकडचं उदाहरण हवं तर डेन्मार्कचं वाडन सी सेंटर पाहा. वास्तुरचनाकार डोर्टे मान्ड्रुप यांनी २०१७ मध्ये पुऱ्या केलेल्या या इमारतीत छपराबरोबर भिंतीही बोरूनं शाकारलेल्या आहेत.

शाकारलेल्या छपराचा उतार ४५ अंशांहून कमी नको, नाहीतर पाणी निथळत नाही आणि छप्पर आतून कुजतं. बांबूला टाकणखार आणि बोरिक आम्लाचं पाणी मुरवतात; कीड लागत नाही, पण ते पावसानं धुऊन जातं. म्हणून बांबूला लांब पागोळ्यांखालीच ठेवा आणि जमिनीला टेकू देऊ नका. आणि आग: कोरड्या दिवसांत शेजारचं बोरूचं बन पेटलं तर ठिणग्या छपरावरच येतात. मोकळा पट्टा आणि पंप, दोन्ही लागतील.

मोठ्या काचा लावल्या तर दृश्य छान दिसेल. हरकत काय?

काचेत पाणी आणि आकाश दिसतं ते पक्ष्यांनाही दिसतं, आणि ते त्यात घुसतात. काच लावायचीच तर बाहेरच्या पृष्ठभागावर ठिपके किंवा रेघा हव्यात, एकमेकांपासून ५ सेंटीमीटरपेक्षा लांब नकोत. कोपऱ्यात चिकटवलेल्या एका ससाण्याच्या चित्रानं काही होत नाही. जाळीचा सज्जा आणि मागे सरकलेली खिडकी हे याहून चांगलं.

सौर पॅनेल तर निर्धोक आहेत?

विजेसाठी तोच योग्य पर्याय आहे, आणि जनरेटरची घरघर नसेल तर बेडकांचं गाणं ऐकू येतं. पण एक गंमत माहीत असावी. मेफ्लाय, चतुर यांच्यासारखे पाण्यात वाढणारे कीटक पाणी ओळखतात ते पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशावरून. काळं, गुळगुळीत पॅनेल त्यांना पाण्यापेक्षाही ‘जास्त पाणी’ वाटतं. संध्याकाळी मादी त्यावर उतरते, अंडी घालते, आणि ती तिथंच वाळून जातात. हंगेरीतले गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं आहे. पॅनेलवर पांढऱ्या रेघांची जाळी असली की हे आकर्षण खूप घटतं, असं त्यांना आढळलं. सोपा उपाय: पॅनेल पाण्याच्या कडेला लावू नका, सेवा-इमारतींबरोबर काठापासून लांब न्या. काळ्या चकचकीत गाड्यांनाही हेच लागू.

दिव्यांबद्दल थोडक्यात: पिवळसर-केशरी, खाली तोंड केलेले, गुडघ्याच्या उंचीवर, आणि माणूस नसताना बंद.

सांडपाण्याचं काय करायचं?

इथंच बहुतेक ‘इको’ प्रकल्प नापास होतात. सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा ही जोडी पाणथळीत चालत नाही, कारण भूजल वर असताना शोषखड्डा शोषायचा थांबतो. मैला थेट पाण्यात मिसळतो आणि वरून काहीच दिसत नाही.

पहिलं पाऊल म्हणजे मैला पाण्यात मिसळूच न देणं. कोरडं, कंपोस्ट होणारं आणि लघवी वेगळी करणारं शौचालय इथं फार उपयोगी. घरगुती सांडपाण्यातल्या नायट्रोजनपैकी ८० टक्क्यांच्या आसपास आणि फॉस्फरसपैकी साधारण निम्मा भाग लघवीतून येतो. तेवढी वेगळी काढून लांब शेतात नेली तरी पाणथळीवरचा भार मोठा उतरतो. टाकी पूरपातळीच्या वर हवी, वायुवीजनाची नळी छपराच्या वर हवी. वास येतो ही तक्रार बहुतेक वेळा नळी आखूड ठेवल्याची असते.

उरलेलं न्हाणीचं नि स्वयंपाकघराचं पाणी तेलाचा सापळा, मग गाळटाकी, मग कृत्रिम पाणथळ या क्रमानं न्या. खडीच्या थरात बोरू किंवा पाणकणीस लावून पाणी त्यातून सोडायचं, ही पद्धत जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५० च्या दशकात पुढे आणली. खालून जलरोधक अस्तर हवंच, आणि झाडं त्या भागातलीच लावा. या वाफ्यातून सेंद्रिय घाण चांगली जाते, फॉस्फरस तेवढा जात नाही. म्हणून फॉस्फेट असलेला साबण मुळातच आणू नका. आणि एक आग्रह: नैसर्गिक पाणथळीला ‘ती सांडपाणी शुद्ध करतेच की’ म्हणून वापरू नका. ते काम वाफ्याचं आहे.

डासांचा बंदोबस्त?

फवारणी नको, ती डासांबरोबर चतुरांनाही मारते, आणि चतुर तर डास खातात. खिडक्यांना नि सज्ज्यांना बारीक जाळी, दारांना दुहेरी झडप, पलंगावर पंखा आणि मच्छरदाणी. पाहुण्यांना चावणारे डास पुष्कळदा पाणथळीतले नसतातच, ते तुंबलेल्या पन्हाळीतले, रिकाम्या डब्यातले आणि बोटीच्या तळातल्या पाण्यातले असतात. गॅम्बुसिया मासे सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर नको म्हणा. मूळचे उत्तर अमेरिकेतले हे मासे बाहेर जिथं सोडले तिथं अनेक ठिकाणी स्थानिक मासे आणि बेडकांची पिल्लं फस्त करतात.

उष्ण, दमट हवेत एसीशिवाय भागेल?

समोरासमोर खिडक्या, जमिनीपासून उचललेली लाकडी फरशी, रुंद पागोळ्या, उंच छपराला हवा बाहेर जाण्याची फट आणि छताचा पंखा, एवढ्यानं बहुतेक रात्री निभावतात. जाड दगडी भिंती इथं उलट त्रास देतात. दिवसा साठवलेली उष्णता त्या रात्री सोडतात. बुरशीची भीती असेल तर आतून चुन्याचा गिलावा करा.

काम कोणत्या दिवसांत करावं?

पाणी कमी आणि वीण संपलेली, असा मधला काळ शोधा. अवजड यंत्र चिखलावर फिरलं की त्याच्या चाकोऱ्या वर्षानुवर्षं राहतात आणि पाणी त्यातूनच वाहू लागतं. म्हणून सुटे भाग बाहेर तयार करून आणा, आणि पायवाट तिच्या स्वतःच्या बांधून झालेल्या भागावर उभं राहूनच पुढे वाढवत न्या. तंबू, साहित्य, कामगारांची शौचालयं सगळी काठावर. बाहेरून येणाऱ्या बोटी आणि बूट धुऊन घ्या. जलपर्णीचा एक तुकडाही पुरतो.

पाहुणा म्हणून खरं-खोटं कसं ओळखू?

तीन गोष्टी विचारा: सांडपाणी कुठं जातं, पूर आला तेव्हा काय झालं, आणि रात्री किती दिवे चालू असतात. ज्यांनी विचार केलेला असतो ते सांडपाण्याचा वाफा हौसेनं दाखवायला नेतात. मग खोलीतून उतरून पायवाटेखाली डोकावून पाहा. तिथं गवत असेल तर आराखडा काढणाऱ्यानं काळजी घेतली आहे.

उद्या निसर्गनिवास बंद करायचा झाला तर?

ती तजवीज पहिल्या आराखड्यातच हवी. जोड बोल्टचे ठेवा, खिळे आणि गोंद नको. खाऱ्या हवेत बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे. स्क्रू पाइल उलटे फिरवून निघतात. जुने लाकडी खांब मात्र उपटू नका. उपटताना तळाचा गाळ ढवळतो, म्हणून ते चिखलाच्या पातळीखाली कापून बाकीचा भाग तसाच ठेवणं बरं. कापायच्या आधी पाणकावळे आणि खंड्या त्यांवर बसतात का ते पाहा. बसत असतील तर चार-दोन खांब पाण्याबाहेर तसेच राहू द्यायला हरकत नाही. फक्त बोटीच्या वाटेतले काढा आणि उरलेल्यांची नकाशावर नोंद ठेवा.